जागा कोणाची?

(नल्लकुंटा येथे मंडळाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर. सभासदांच्या आग्रहावरून येथे देत आहोत.)



आजचा विषय फलकावर लिहिला गेला तेव्हा दोघातिघांचे फोन आले. "विमानातल्या जागा हा काय आपल्या पत्रिकेचा विषय झाला? मतदारयाद्या, मराठी शाळांची पटसंख्या हे सोडून तुम्हाला खिडकीकडची जागा कुठे सुचली?" शंका रास्त आहे. पण मंडळातल्या राजकीय चर्चा आम्ही पंचवीस-तीस वर्षे ऐकत आलो आहोत, आणि त्यातल्या निम्म्या तरी खुर्चीवर कोणी बसावे, कोणाला उठवावे आणि उठवताना काय बोलावे याच्याच होत्या. विमानात तेच चालते. फक्त तिथली खुर्ची सतरा-अठरा इंच रुंद असते आणि पट्टा बांधावा लागतो.

शिवाय आता विमान ही आपल्या घरातली गोष्ट झाली आहे. आपले आजे-पणजे परभणी, नांदेड, बीडकडून निजामाच्या नोकरीत, वकिलीत नाहीतर मास्तरकीत इकडे आले आणि काचीगुडा, बरकतपुरा, नल्लकुंट्यात स्थिरावले. आता आपली मुले पुणे, बंगळूर, न्यू जर्सीला स्थिरावली आहेत. त्यामुळे साठी-सत्तरीतली माणसे वर्षातून दोनदा तरी शमशाबादला जाऊन विमानात बसतात. बहुतेक एकेकटी किंवा दोघेच. जागेवरून कोणी काही म्हटले तर बाजूने बोलायला मुलगा नसतो, सून नसते.

विमानात कसे वागावे हे आपल्याला कोणी शिकवले नाही. आपल्या शहरात विमाने होती, नाही असे नाही. निजाम सरकार आणि टाटा यांच्या भागीदारीतली डेक्कन एअरवेज १९४५ साली निघाली, बेगमपेठहून तिची डाकोटा विमाने उडत, आणि १९५३ च्या राष्ट्रीयीकरणात ती कंपनी संपली. पण त्या विमानांत बसणारी माणसे वेगळी होती. आपण बसायला शिकलो ते बसमध्ये आणि मनमाडकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या अजंता एक्सप्रेसमध्ये. गंमत पाहा, गौलीगुड्याचे आपले जुने बसस्थानक ज्या छपराखाली होते ते मुळात विमानांचे हँगर म्हणून बांधलेले होते. जुलै २०१८ मध्ये ते कोसळले तेव्हा अनेकांना हळहळ वाटली. त्या विमानाच्या छपराखाली आपण खिडकीतून रुमाल टाकायला शिकलो.

रुमालाचे शास्त्र इथे बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. बस फलाटाला लागायच्या आधीच धाकट्या भावाला पुढे पिटाळायचे. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर वर्तमानपत्र, तेही नसेल तर खिडकीतून भाऊच आत. ज्याचा रुमाल त्याची जागा, हा कायदा कुठे लिहिलेला नव्हता, पण मराठवाड्यात आणि तेलंगणात तो सारखाच पाळला जाई. आणि म्हातारे माणूस समोर उभे राहिले की रुमालवाल्याने उठायचे, हा त्याच कायद्याचा दुसरा भाग. तोही पाळला जाई. आमच्या आठवणीत एक कंडक्टर आहे, दाढीवाला, दख्खनीत नुसते "सरकके बैठो साब" म्हणायचा आणि तिघांच्या बाकावर चौथा बसायचा. त्याच्या "साब"मध्ये हुकूम होता आणि अदबही होती.

२००३ साली एअर डेक्कन सुरू झाली. स्वस्त तिकिटे, आणि त्या विमानांत आसनांना क्रमांकच दिलेले नसत. आधी येईल तो हवे तिथे बसेल. बेगमपेठला आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे: टाय लावलेली, हातात ब्रीफकेस असलेली माणसे धावपट्टीवरच्या बसमधून उतरली की शिडीकडे पळत सुटत. एका गृहस्थांनी तर आत शिरताच तीन आसनांवर रीतसर वर्तमानपत्राची पाने पसरली होती. आम्हाला गौलीगुड्याची आठवण झाली. फरक एवढाच की इथे कोणी कोणासाठी उठले नाही.

नंतर क्रमांक सगळीकडेच आले आणि त्याबरोबर दुसरा प्रकार सुरू झाला. २०१३ साली सरकारने विमान कंपन्यांना पसंतीच्या जागेचे वेगळे पैसे घ्यायला परवानगी दिली. तेव्हापासून खिडकी, वाटेकडची जागा, पुढची रांग, पाय पसरायची रांग, प्रत्येकीचा वेगळा भाव. रुमालाची जागा पैशाने घेतली, आणि तंटा कमी होण्याऐवजी वाढला. कारण आता समोरच्याकडे पावती असते. ज्याने तीनशे रुपये भरले तो म्हणतो, माझी जागा. ज्याने भरले नाहीत तो म्हणतो, माणुसकी म्हणून काही आहे की नाही?

आता आमच्यावर बेतलेला प्रसंग सांगतो. पुण्याला निघालो होतो. आमच्या घरच्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, म्हणून मुलाने मुद्दाम पैसे भरून पुढच्या रांगेतल्या वाटेकडच्या दोन जागा घेतल्या होत्या. पाहतो तो आमच्या जागांवर एक तरुण जोडपे, मधल्या जागेवर चार-पाच वर्षांचा मुलगा. आम्ही बोर्डिंग पास पुढे केला. तो तरुण आमच्या तोंडाकडे पाहून हसला आणि म्हणाला, "काका, तुम्ही मराठीच ना? मग प्रश्नच मिटला! आम्हाला मागे वेगवेगळ्या जागा मिळाल्यात, मुलगा रडेल. काकूंना काही त्रास नाही ना व्हायचा?" प्रश्न विचारला होता, पण उत्तरासाठी जागा ठेवली नव्हती. मागे माणसे खोळंबलेली. आम्ही दोघे निमूट मागे गेलो. त्यांना सत्ताविसाव्या रांगेत मधली जागा, आम्हाला त्याही मागे. सव्वा तास त्यांनी गुडघा दुमडून धरला. उतरताना शिडीवर पाय टाकवेना. पुण्यात पहिले दोन दिवस शेकण्यात गेले. त्या जोडप्याविषयी आम्हाला राग नाही, मूल लहान होते. राग आमचा आम्हालाच आहे. तोच प्रश्न तेलुगूत किंवा हिंदीत आला असता तर आम्ही "गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे" एवढे तरी बोललो असतो. "मराठीच ना?" म्हटल्यावर तोंड मिटले. परक्या प्रांतात चार पिढ्या राहिलेल्या माणसाला आपली भाषा कानावर पडली की तो विरघळतो, हे खरे आहे. पण आपल्या बोलीचा असा जॅक करून दुसऱ्याला जागेवरून उचलावे, हे बरे नव्हे.

परत येताना नेमकी तीच गोष्ट आमच्या शेजारच्या तेलुगू बाईंच्या वाट्याला आली. पन्नाशीच्या असतील. एका कुटुंबाने त्यांना खिडकी सोडायला सांगितले. त्या शांतपणे म्हणाल्या, "सॉरी अंडी, सीटुकि डब्बुलु कट्टानु." म्हणजे जागेचे पैसे भरलेत. एवढे बोलून त्यांनी स्वतःच बेल दाबून हवाई सुंदरीला बोलावले, या मंडळींची काही सोय होते का पाहा म्हणाल्या, आणि त्यांची पिशवी वरच्या कप्प्यात ठेवायला हातही लावला. दोन रांगा मागे सोय झाली. कोणी कोणावर रागावले नाही. आम्ही आमच्या घरच्यांकडे पाहिले, त्यांनी आमच्याकडे पाहिले.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले की नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने एप्रिल २०२४ मध्ये कंपन्यांना स्पष्ट सांगितले आहे: एकाच पीएनआरवर प्रवास करणाऱ्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला निदान एका पालकाशेजारी जागा द्यायची. म्हणजे त्या जोडप्याचे मागणे योग्य होते, पण मागण्याचे ठिकाण चुकले होते. ते कंपनीच्या काउंटरवर मागायचे, आमच्या गुडघ्याकडे नव्हे. आपल्या घरातली मुले नातवंडांना घेऊन येतात तेव्हा त्यांना हे जरूर सांगावे.

अदलाबदल मागूच नये असे आमचे म्हणणे नाही. मागावी, पण आधी जाऊन बसू नये, उभ्याने विचारावे. द्यायची जागा घ्यायच्या जागेइतकी तरी चांगली असावी. शेवटच्या रांगेतली मधली जागा देऊन पुढची खिडकी मागणे हा व्यवहार नव्हे. समोरचा नाही म्हणाला तर कारण विचारू नये, त्याचा गुडघा आपल्याला दिसत नसतो. संकटकालीन दरवाजाजवळची ऐसपैस रांग म्हाताऱ्यांना कोणी देऊ केली तरी चालत नाही, तिथे वेळ पडली तर दार उघडू शकणारा धडधाकट माणूसच लागतो. तेव्हा त्यावरून कर्मचाऱ्यांशी वाद घालू नये. मधल्या जागेवर बसलेल्याला दोन्ही हात टेकवू द्यावेत. त्याला ना खिडकी, ना वाट, निदान कोपर तरी.

पाठ मागे रेलण्याचा तंटा मात्र वेगळा आहे आणि त्यात आम्ही दोघांनाही निर्दोष धरतो. रेल्वेत निदान नियम आहे. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा एवढाच वेळ उघडायचा. २०१७ पूर्वी नऊपासून उघडता येई. खालच्याने त्याआधी पसरू नये, वरच्याने त्यानंतर बसू नये. भांडण झाले तर टीसी नियम दाखवतो. विमानात उडताना आणि उतरताना पाठ सरळ हवी, एरवी मागचा काय म्हणतो याविषयी काहीच लिहिलेले नाही. पूर्वी दोन रांगांत एकतीस-बत्तीस इंच अंतर असे, स्वस्त विमानांत ते अठ्ठावीस-एकोणतीसवर आले आहे. पुढच्याला रेलायचे बटण विकले, मागच्याला तीच रिकामी जागा गुडघ्यांसाठी विकली. चार बोटे जागा दोन गिऱ्हाइकांना विकून दुकानदार बाजूला, आणि भांडतात गिऱ्हाइके. ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेत नूअर्कहून डेन्व्हरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाने पुढची पाठ रेलूच नये म्हणून तिथे प्लास्टिकची खुंटी अडकवली. पुढच्या बाईंनी त्याच्या अंगावर पाणी ओतले. विमान मध्येच शिकागोला उतरवून दोघांना खाली काढले. सुशिक्षित माणसे, श्रीमंत देश, आणि चार बोटांसाठी ही तऱ्हा. आपल्याकडे नळावरच्या भांडणाला नावे ठेवायला नकोत.

आता ज्या गोष्टीसाठी हा विषय घेतला तिकडे येतो. २३ मार्च २०१७. पुण्याहून दिल्लीला सकाळचे एअर इंडियाचे विमान. त्यात उस्मानाबादचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे, तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड होते. त्यांच्याकडे बिझनेस क्लासचे कूपन होते, आणि त्या विमानात बिझनेस क्लासच नव्हता, सगळ्या जागा एकसारख्या. याची कल्पना आधी दिली होती असे कंपनीचे म्हणणे होते. दिल्लीला उतरल्यावर ते जागेवरून उठेनात. पुढच्या फेरीचे प्रवासी ताटकळत राहिले. समजूत घालायला आलेल्या साठीच्या अधिकाऱ्याला त्यांनी चपलेने मारले, आणि पंचवीस वेळा मारले असे स्वतःच कॅमेऱ्यापुढे सांगितले. विमान कंपन्यांनी त्यांना तिकीट द्यायचे बंद केले, रेल्वेने परतावे लागले. ६ एप्रिलला लोकसभेत त्यांनी सभागृहाची माफी मागितली, त्या अधिकाऱ्याची मागायला नकार दिला. त्यांच्या पक्षाचे केंद्रीय मंत्री अनंत गीते भर सभागृहात विमान वाहतूक मंत्री अशोक गजपती राजू यांच्या अंगावर धावून जाण्याच्या बेतात होते, इतरांनी आवरले. मग मंत्र्यांना खेदाचे पत्र गेले आणि दुसऱ्या दिवशी बंदी उठली.

उस्मानाबाद म्हणजे आपल्याला काही परदेश नव्हे. १९५६ पर्यंत ते आणि आपण एकाच हैदराबाद राज्यात होतो. सोलापूरकडे जाताना जहिराबाद, हुमनाबाद ओलांडले की उमरगा लागते, तिथे चहाला आपल्यापैकी कोण थांबले नाही? इथे बसलेल्या किती जणांच्या सोयरिकी त्या भागात आहेत! म्हणून त्या आठवड्यात आम्हाला चैन पडेना. आमचा किराणावाला, भला माणूस, पुडी बांधता बांधता म्हणाला, "मी वाळ्ळे कदा?" तुमचेच लोक ना? आम्ही हो म्हणालो. दुसरे काय म्हणणार? त्याच जूनमध्ये अनंतपूरच्या तेलुगू देशमच्या खासदारांनी विशाखापट्टणमच्या विमानतळावर उशिरा येऊन धिंगाणा घातला, त्यांच्यावरही कंपन्यांनी बंदी घातली, तेव्हा आम्हाला दुकानात जाऊन परतफेड करता आली असती. गेलो नाही. मनात मात्र आले होते, हे कबूल करतो.

एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. कूपन बिझनेस क्लासचे आणि खुर्ची साधी, ही तक्रार अगदीच पोकळ नव्हती. कंपनीला पत्र लिहिता येते, फरकाचे पैसे मागता येतात, ग्राहक मंचात जाता येते. खासदाराला तर संसदेत प्रश्न विचारता येतो. सामान्य माणसाला तेवढेही नाही. बरोबर सतरा दिवसांनी, ९ एप्रिलला, शिकागोत याच्या उलट घडले. कंपनीला आपल्याच चार कर्मचाऱ्यांसाठी जागा हव्या होत्या, म्हणून तिकीट काढून रीतसर जागेवर बसलेल्या ६९ वर्षांच्या डॉक्टरला सुरक्षारक्षकांनी विमानातून फरफटत बाहेर काढले, तोंड रक्ताळले. जगभर संताप झाला आणि कंपनीला भरपाई द्यावी लागली. एकीकडे जागेवरून न उठणारा बलवान, दुसरीकडे उठवला जाणारा म्हातारा. आपल्या सरकारने त्या सप्टेंबरमध्ये नियम केले: तोंडाने दांडगाई केली तर तीन महिन्यांपर्यंत बंदी, हात उचलला तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असे केले तर दोन वर्षे किंवा जास्त. चांगले नियम आहेत. पण खासदाराला अडवायची हिंमत काउंटरवरच्या मुलीत कुठून यायची, ते नियमात लिहिता येत नाही.

आपल्या शहरातल्या बसमध्येही हे सध्या रोज दिसते. ९ डिसेंबर २०२३ पासून बायकांना आर. टी. सी. च्या साध्या आणि एक्सप्रेस बसमधून मोफत प्रवास आहे. गर्दी वाढली, जागेवरून खटके वाढले. फीव्हर हॉस्पिटलच्या थांब्यावर आम्ही ऐकले, तिकीट काढलेला एक म्हातारा उभा आणि म्हणत होता, पैसे आम्ही देतो आणि उभेही आम्हीच. बसलेली बाई हॉस्पिटलात रात्रपाळी करून निघालेली, तिचे डोळे मिटत होते. कोणाची बाजू घ्यायची? आमच्या मते त्या बाईची. पण म्हाताऱ्याचे पायही खोटे नव्हते.

आता घरचे सांगतो आणि थांबतो. गेल्या गणेशोत्सवात आपल्या कार्यक्रमाला पहिल्या दोन रांगांवर चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या: "मान्यवर". पहिल्या रांगेत एक वयस्कर बाई येऊन बसल्या. कानाने कमी ऐकू येते म्हणून पुढे बसल्या होत्या. चिठ्ठी बहुधा गळून पडली असेल. तेवढ्यात एक नगरसेवक येत असल्याचा निरोप आला. धावपळ झाली. एक कार्यकर्ता त्या बाईंकडे गेला, वाकून, अगदी गोड आवाजात म्हणाला, "काकू, जरा मागे बसता का? तुम्ही तर आपल्याच." त्या उठल्या. मागे खुर्ची नव्हती, म्हणून भिंतीला टेकून उभ्या राहिल्या आणि थोड्या वेळाने घरी गेल्या. नगरसेवक आले, आठ मिनिटे बसले, हार घेतला, पुढच्या मंडळाकडे गेले. नंतर ती खुर्ची शेवटपर्यंत रिकामी होती, त्यावर आम्ही आमची पिशवी ठेवली होती.

तो कार्यकर्ता आम्हीच. पुण्याच्या विमानातला तरुण जे बोलला त्यातला एक शब्दही आम्हाला नवा नव्हता.

यंदा आम्ही कार्यकारिणीकडे ठराव दिला आहे. पहिल्या दोन रांगा ज्यांना कमी ऐकू येते, कमी दिसते किंवा पाय दुखतात त्यांच्यासाठी. खुर्चीवर कोणाच्याही नावाची चिठ्ठी नको. आमदार-नगरसेवक आले तर जिथे जागा असेल तिथे बसतील, आणि नसेल तर आम्ही उठून त्यांना आमची देऊ. मागच्या बैठकीत यावर बरीच चर्चा झाली. पाहुणे नाराज होतील, सभागृहाची परवानगी त्यांच्याच शब्दावर मिळते, असे काहींचे म्हणणे पडले, आणि ते खोटे आहे असे आम्हालाही म्हणता येत नाही. ठराव कार्यक्रमपत्रिकेवर आहे. सूचक म्हणून आमचे नाव लिहिले आहे. अनुमोदकाची जागा अजून रिकामी आहे.